बाईकचे बूट : घोटा झाकतो का, सोल पिळतो का?

पावसाळा तोंडावर आला की ताम्हिणी, वरंधा, माळशेजचे बेत ठरायला लागतात आणि पाठोपाठ बुटांबद्दलची पत्रंही येतात. हेल्मेट आणि जॅकेटबद्दल या सदरात बरंच लिहून झालं आहे. या वेळी फक्त पायांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : धायरीहून हिंजवडीला रोज बाईकनं जातो. पायात स्पोर्ट्स शूज असतात. महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी ताम्हिणी किंवा महाबळेश्वर होतं. मित्र म्हणतात, गुडघ्यापर्यंतचे बूट घे. पण ते घालून दिवसभर ऑफिसात कसं बसणार?

गुडघ्यापर्यंतचे घेऊ नका. ते रविवारी घालाल आणि सोमवारी पुन्हा स्पोर्ट्स शूजवर याल. तुमचे बहुतेक किलोमीटर तर सोमवार ते शुक्रवारच होतात. घोट्याच्या वर चार-पाच बोटं जाणारा बूट बघा. दुकानात त्याला शॉर्ट टूरिंग किंवा अर्बन रायडिंग बूट म्हणतात. पँटखाली तो साध्या बुटासारखाच दिसतो आणि त्यात दिवसभर वावरता येतं.

बूट निवडण्याआधी पायाला नेमकं काय होतं ते लक्षात घ्या. बाईक आडवी झाली की पाऊल गाडी आणि रस्ता यांच्यात सापडतं. दीडशे-पावणेदोनशे किलोचा भार चवड्यावर आडवा येतो आणि फूटपेग (पाय ठेवायची दांडी) किंवा गिअर लिव्हर मधे रुततो. घसरताना पाऊल कशात अडकलं आणि अंग पुढे गेलं तर घोटा पिळवटतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांना बोट लावून पाहा. हाड आणि कातडी यांच्यामध्ये काहीही नाही. रस्त्यावर घासत जाताना पहिला मार तिथेच बसतो. स्पोर्ट्स शूज पळण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून ते मुद्दाम मऊ आणि लवचिक ठेवलेले असतात. हाच गुण इथे नडतो, आणि त्यातले बरेचसे पहिल्याच धक्क्याला पायातून निघूनही जातात.

त्यामुळे दुकानात बूट आधी हातात घ्या, पायात नंतर. एक हात टाचेला, दुसरा चवड्याला, आणि ओला टॉवेल पिळतो तसा बूट पिळा. चांगला बूट जेमतेम हलतो. टॉवेलसारखा सहज पिळला गेला तर तो परत ठेवा. मग सोलचा सगळ्यात रुंद भाग दोन्ही तळहातांमध्ये धरून आडवा दाबा. तो आत येता कामा नये, कारण फूटपेग आणि रस्ता यांच्यात तुमची हाडं वाचवणारी हीच आडवी ताकद आहे. टाचेची वाटी अंगठ्यानं दाबून बघा. घोट्याच्या जागी आतून चाचपून बघा. जाड चकती आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना हवी. स्वस्त बुटांत ती फक्त बाहेरून, दिसण्यापुरती असते. शेवटी बूट घालून पूर्ण बांधा आणि दुसऱ्या पायाच्या टोकानं टाच अडवून तो काढायचा प्रयत्न करा. असा निघाला तर रस्त्यावरही निघेल.

आता लेबल. जिभेच्या आत किंवा कडेला बाईकस्वाराचं छोटं चित्र आणि त्याखाली 'ईएन १३६३४' असं लिहिलेलं असतं. मोटरसायकलच्या बुटांचं हे युरोपीय मानक आहे. त्याच्या २०१७च्या आवृत्तीत चित्राखाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला टिकण्याचा, तिसरा धारदार वस्तूचा घाव सोसण्याचा आणि चौथा त्या आडव्या ताकदीचा. २ म्हणजे वरची पातळी. तुमच्या वापराला पहिला आकडा १ असला तरी चालेल, पण चौथा २ मिळत असेल तर तोच घ्या.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. घोट्यावरच्या आघाताची चाचणी या मानकात सक्तीची नाही. ती झालेली असेल तर आकड्यांच्या जोडीला 'आयपीए' ही अक्षरं असतात. नडगीच्या संरक्षणासाठी 'आयपीएस', पाणी रोखण्यासाठी 'डब्ल्यूआर', पेट्रोल आणि तेलाला टिकणाऱ्या सोलसाठी 'एफओ'. दोन बुटांत निवड अडली तर 'आयपीए' असलेला उचला. नुसतं 'सीई' हे युरोपीय चिन्ह छापलं आहे आणि मानकाचा क्रमांकच नाही, किंवा क्रमांक कारखान्यातल्या बुटांचा आहे, असा माल भरपूर दिसतो. तो बाईकसाठी तपासलेला नाही.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. कंपनीचे सेफ्टी शूज मिळतात. तेच बाईकवर चालतील का? आतली स्टीलची टोपी अपघातात बोटं कापते असं ऐकलं आहे.

चपलेपेक्षा आणि कॅनव्हास शूजपेक्षा ते कितीतरी बरे. बोटं कापली जातील ही भीती काढून टाका. आपल्याकडच्या 'आयएस १५२९८'च्या भाग २प्रमाणे बनलेल्या सेफ्टी शूजची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटांना जागा राहते. ती टोपी चेपली जाईल इतका भार आला, तर टोपी नसलेल्या बुटातल्या बोटांचं काय झालं असतं याचा विचार करा.

खरी अडचण वेगळीच आहे. हे बूट वरून पडणाऱ्या वस्तूपासून बोटं वाचवण्यासाठी असतात, आडवं घासण्यापासून घोटा वाचवण्यासाठी नाहीत. कंपनीकडून बहुधा घोट्याच्या खाली संपणारा नमुना मिळतो. स्टोअरमध्ये विचारून घोट्याच्या वरपर्यंत जाणारा मागून बघा, अनेक ठिकाणी तो मिळतो. टोक जाड असल्यानं पाऊल गिअर लिव्हरखाली नीट जात नाही, त्याचा उपाय पुढे दिला आहे.

आणि नाडी. उजव्या बुटाच्या नाडीचा फासा ब्रेक पेडलच्या टोकात किंवा फूटपेगमध्ये अडकतो. चालत्या गाडीवर ते कळत नाही. सिग्नलला पाय टेकायला जाता, पाय येत नाही आणि गाडी त्याच बाजूला कलंडते. नाडीची दुहेरी गाठ मारून फासे आणि टोकं बुटाच्या कडेत खोचा, किंवा जिभेवरच्या आडव्या पट्टीखाली घाला. घोट्याच्या चकतीसाठी वेगळा खर्च करायचा नसेल तर निदान एवढं आजच करा.

प्रश्न : ऑनलाइन ४२ नंबर मागवला. माझा नेहमीचा ८. तरी करंगळीजवळ आवळतो आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. सैल होईल का?

लांबीला कधीच नाही. रुंदीला चामडं थोडं सुटतं, पण ज्या जागी आत प्लास्टिकची वाटी आहे तिथे तसूभरही नाही. करंगळी बधिर होते म्हणजे चवडा अरुंद आहे. बूट परत करा.

घोळ नंबरांच्या पद्धतींत आहे. आपले नेहमीचे ७, ८, ९ हे ब्रिटिश नंबर, त्यातली एक पायरी सुमारे साडेआठ मिलिमीटरची. युरोपीय ४१, ४२, ४३ची पायरी सुमारे पावणेसात मिलिमीटरची. दोन पट्ट्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, म्हणून प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो. नंबर विसरा आणि मिलिमीटर धरा.

संध्याकाळी मापा, कारण दिवसभरात पाऊल फुगतं. जे मोजे घालून गाडी चालवणार तेच घाला. भिंतीलगत जमिनीवर कागद ठेवून त्यावर टाच भिंतीला टेकवून उभे राहा, भार दोन्ही पायांवर सारखा. सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा आधी बघून घ्या. मग चवड्याची रुंदी घ्या. दोन्ही पाय मापा आणि मोठ्या पायाचं माप धरा. कंपनीच्या तक्त्यात पावलाची लांबी दिली असेल तर ती थेट जुळवा. बुटाच्या आतली लांबी दिली असेल तर तुमच्या मापापेक्षा १० ते १२ मिलिमीटर जास्त हवी.

इटालियन बुटांचे साचे बहुधा अरुंद असतात आणि चपलेत किंवा अनवाणी वाढलेल्या आपल्या पायांचा चवडा पसरट. अशा वेळी एक नंबर मोठा घेण्याचा मोह होतो. तो टाळा. लांबी वाढली की टाच उचलली जाते आणि घोट्याची चकती घोट्याच्या वर-खाली सरकते, मग ती असून नसल्यासारखी. त्याच नंबरात रुंद साचा असलेली कंपनी शोधा.

नवे बूट आल्यावर घरातच स्वच्छ फरशीवर दोन संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घाला. त्यांत खुर्चीत बसा, जिना चढा-उतरा. शक्य असेल तर गाडी मेन स्टँडवर लावून बसा आणि गिअर-ब्रेकवर पाय ठेवा. उभं असताना छान वाटणारा बूट गुडघा वाकवून बसलं की घोट्याच्या पुढच्या घडीत टोचतो. सोल मळला नाही तर बदलूनही मिळतो.

प्रश्न : नवे बूट घेतल्यापासून गिअर वर टाकताना पाऊल लिव्हरखाली अडकतं. सवय लागली की होईल का नीट?

सवयीवर सोडू नका, लिव्हर वर घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. गिअर शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात आणि लिव्हर त्यावर एका बोल्टनं आवळलेला असतो. गाडी स्टँडवर, इंजिन बंद. आधी मार्करनं लिव्हर आणि शाफ्टवर एक सरळ रेघ मारा म्हणजे मूळ जागा कळते. बोल्ट बहुधा १० नंबरच्या पान्ह्यानं निघतो. तो नुसता ढिला करू नका, पूर्ण बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो आणि अर्धवट ठेवून ओढलं तर बोल्टचे आटे जातात. लिव्हर बाहेर ओढा, एक दाता वर फिरवून पुन्हा बसवा, आवळा. एकाच वेळी दोन-तीन दाते नकोत, नाहीतर खाली दाबताना घोटा अवघडतो. स्टँडवरच सगळे गिअर वर-खाली टाकून बघा.

लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये दांडी असेल, तर दोन्ही टोकांचे चेकनट (दांडी जागेवर आवळून ठेवणारे नट) सोडून दांडी हातानं फिरवायची. एका टोकाचे आटे उलटे असतात, त्यामुळे तिकडचा नट उलट्या दिशेनं सुटतो. हे ठाऊक नसलं की लोक जोर करून नट गोल करून टाकतात. बुलेटसारख्या गाडीवर पुढे-मागे दोन्हीकडे पट्टी असेल तर वरचे गिअर टाचेनं दाबून टाका, बुटाचं टोक खाली घालायची गरजच नाही.

उजवीकडचा ब्रेकही तपासा. जाड सोलमुळे पाय नकळत पेडलवर टेकलेला राहतो. ब्रेक गरम होतो, मागचा दिवा सतत जळतो आणि मागच्याला तुम्ही कधी थांबताय तेच कळत नाही. पेडलची उंची एक-दोन फेरे खाली घेतली की दिव्याचा स्विचही नव्यानं जुळवावा लागतो. स्विचचा नट फिरवायचा, स्विच नाही, नाहीतर वायर पिळून तुटते.

प्रश्न : चप्पल घालून गाडी चालवली तर दंड होतो का?

नाही. असे फॉरवर्ड फिरायला लागल्यावर २०१९मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयानं चपलेसाठी दंडाची तरतूद नसल्याचं स्पष्ट केलं होतं. पण वर सांगितलेली घोट्याची हाडं चपलेत पूर्ण उघडी असतात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही बंद बूट घाला.

प्रश्न : पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घ्यावेत की वरून घालायची कव्हरं? गमबूट कसे?

गमबूट नकोत. ते सैल असतात, घोट्याला आधार नाही आणि पडल्यावर सर्वांत आधी तेच निघतात.

वॉटरप्रूफ बुटात बाहेरचं चामडं आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये पातळ पडद्याची पिशवी असते. ती पाणी अडवते आणि घामाची वाफ थोडीफार जाऊ देते. 'डब्ल्यूआर' लिहिलेला बूट घ्या. पण पाणी बहुतेक वेळा पडद्यातून शिरत नाही, वरून शिरतं. पँट बुटात खोचलेली असली की पँटवरून ओघळलेलं पाणी सरळ आत जातं आणि मग तीच पिशवी ते आत धरून ठेवते. रेनपँट नेहमी बुटाच्या बाहेरून घ्या, खालची पट्टी टाचेखालून अडकवा. मोजे बुटापेक्षा उंच नकोत. वर दिसणारा मोजा वातीसारखा पाणी आत ओढतो.

हेच बूट एप्रिल-मेमध्ये पुण्यात तापतात. एकच जोड परवडणार असेल आणि तुम्ही मुख्यतः शहरात चालवत असाल, तर पडदा नसलेले हवेशीर बूट घ्या आणि पावसाळ्यात वरून कव्हर घाला. ताम्हिणीसारख्या घाटात दिवसभर भिजायचं असेल तर मात्र पडद्याचेच. कव्हर घेताना तळ उलटा करून बघा. पूर्ण तळाला नक्षीदार रबर हवं. मधे नुसतं कापड असलं की ओल्या फूटपेगवरून पाय घसरतो आणि सिग्नलला झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर टेकलेला पाय सरकतो. मोजे सुती नकोत, सुती मोजा एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो.

बूट आतून भिजलेच तर आतला सुकतळा काढून वेगळा वाळवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत कोंबा, दोन तासांनी बदला, नंतर सकाळ-संध्याकाळ. पंख्याखाली ठेवा. दीड-दोन दिवस लागतात. हेअर ड्रायर, कडक ऊन, गरम सायलेन्सर यांपैकी काहीही नको. चामडं तडकतं आणि सोलचा चिकट थर सुटतो. बुरशी आली तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्यानं पुसा, सावलीत सुकवा आणि मग चामड्याचं क्रीम लावा. खोबरेल तेल लावू नका. चामडं वाजवीपेक्षा मऊ पडतं आणि धूळ चिकटते.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच. सीट ८०० मिलिमीटर. उंच टाचेचे बूट घेतले तर पाय पुरतील का? – एक वाचक, कोथरूड

टाच उंच करून काही मिळत नाही. तुम्ही चवड्यावर उभ्या राहता तेव्हा टाच हवेतच असते. उपयोग होतो तो चवड्याखालच्या सोलच्या जाडीचा. मोटरसायकलच्या काही बुटांत आत-बाहेर मिळून दोन-अडीच सेंटिमीटर उंची दिलेली असते, ती सपाट आणि टाचेपासून चवड्यापर्यंत असते. असे शोधा. स्त्रियांच्या मापाचे बूट घेतले तर पोटरीचा घेरही बरोबर बसतो. पोटरी खाली रुंद असल्यानं पुरुषांचे उंच बूट अनेकींना वर आवळतात.

आहे त्या बुटाला कारागिराकडून जादा थर लावायचा असेल तर सोल शिवलेला असेल तरच लावा, १०-१२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि चिकटवून वर शिवायला सांगा. नुसता चिकटवलेला थर पावसाळ्यात पुढून उघडतो आणि फूटपेगवर अडकतो. मग गिअर लिव्हर वर सांगितल्याप्रमाणे एक दाता वर.

दोन्ही चवडे जेमतेम टेकवण्यापेक्षा थांबताना थोडं डावीकडे सरकून डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा ब्रेकवर. मागच्या शॉकची प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन घर सैल केली तरी थोडी उंची कमी होते. त्यानंतर हेडलाइटचा झोत वर गेला आहे का तेवढं बघून घ्या.

प्रश्न : बायको मागे बसते, पायात कोल्हापुरी. तिलाही बूट हवेत?

हवेतच. मागच्याचं पाऊल चेन आणि सायलेन्सरच्या अधिक जवळ असतं. खड्ड्यात उसळल्यावर पावलाची पकड सुटते आणि सैल चप्पल चाकाकडे जाते. तिला गिअर टाकायचा नसतो, त्यामुळे टोकाच्या जाडीची काळजी नाही. घोटा झाकणारा, नाडीऐवजी झिप आणि वेलक्रोचा बूट पुरे. सोल खरा रबराचा हवा. फोमचा सोल सायलेन्सरला लागला की वितळून चिकटतो.

प्रश्न : चांगल्या कंपनीचे बूट तीन-चार वर्षं खोक्यात जपून ठेवले होते. काढले तर सोलचा चुरा पडला. मालच खराब होता का?

माल चांगला असूनही हे होतं. अनेक बुटांत रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा हळूहळू त्याची साखळी तोडतो आणि तो बिस्किटासारखा भुगा होतो. पुण्याचे चार पावसाळे बंद खोक्यात काढले तर वापर नसतानाही होतं. न वापरलेल्या बुटांत उलट लवकर लक्षात येत नाही, कारण थर जागेवर असतो आणि पहिल्या राइडला सुटतो.

बूट खोक्यातून बाहेर, हवेशीर जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी घाला. सेलमध्ये स्वस्त मिळणारा जुना साठा घेताना जिभेआतलं निर्मितीचं महिना-वर्ष वाचा. चार-पाच वर्षांपूर्वीचे असतील तर सोडून द्या. राइडच्या आदल्या दिवशी, निघताना नव्हे, बूट हातात घेऊन सोलच्या कडेला नखानं दाबा. नख रुतलं, भेग दिसली किंवा पावडर लागली तर ते घालून निघू नका. वरचं चामडं आणि शिवण धड असेल तर तुमचा सोल चिकटवलेला असला तरी जाणकार कारागीर जुना थर पूर्ण खरवडून नवा रबरी सोल बसवून देतो. पण त्यानंतर पहिल्या प्रश्नातली पिळून बघायची चाचणी पुन्हा करा. नवा सोल मऊ बसला असेल तर तो बूट चालण्यासाठी ठेवा, बाईकसाठी नको.